फक्कीच्या भिंती

१९५५ सालच्या दिवाळीनंतर आमच्या ऑफिसात लालबागच्या नागरी केंद्राचं काम आलं. ऑफिस फोर्टात होतं आणि मालक होते धुरंधरसाहेब. गिरगावात राहणारे, पन्नाशी उलटलेले, कायम पांढऱ्या लिननच्या कोटात. इमारतींबद्दल बोलताना त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, आणि इमारती सोडून दुसऱ्या कशाबद्दल ते फारसं बोलायचेही नाहीत. मी त्यांचा साहाय्यक. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत आर्किटेक्टचा डिप्लोमा घेतलेला मी एकटाच होतो, त्यामुळे चाळीत कुणाची मोरी तुंबली तरी लोक मलाच हाक मारायचे.

काम साधं होतं. लालबागच्या मागच्या अंगाला जुनी गोदामं पाडून एक जमीन मोकळी झाली होती. तिच्यावर एकच इमारत उभी करायची आणि आसपास विखुरलेल्या कचेऱ्या तिच्यात आणून बसवायच्या. पोस्ट, दवाखाना, देवीची लस, जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टी, नोकरी-नोंदणी आणि जमलंच तर एक वाचनालय. गिरणीत पाळी करणाऱ्या माणसाचा एका दाखल्यापायी अख्खा दिवस जाऊ नये, एवढाच हेतू.

मला ते काम आपलं वाटलं ते आईमुळे. वडील वारले तेव्हा मालनबाईंनी, म्हणजे माझ्या आईने, दाखला एका कचेरीतून, शिक्का दुसरीतून आणि डॉक्टरची सही तिसरीतून आणली होती. सगळीकडे रांग उन्हात. बसायला फुटपाथची कड. एके ठिकाणी तिने पाणी मागितलं तर शिपायाने नाव-गाव विचारून घेतलं आणि मग वरून ओंजळीत ओतलं. ती हे तक्रार म्हणून सांगायची नाही. हकिगत म्हणून सांगायची, म्हणून ते माझ्या जास्त लक्षात राहिलं.

तर मी नकाशात मधोमध एक लांबरुंद हॉल काढला. जाड भिंती, उंच छत, झरोके पार वर, म्हणजे ऊन आत येणार नाही आणि वारा येत राहील. ओळीने बाकं. एका भिंतीला पाण्याचा नळ, सगळ्यांसाठी एकच. भोवताली कचेऱ्या आणि त्यांच्या खिडक्या हॉलमध्ये उघडणाऱ्या. रस्त्याच्या बाजूला सगळ्यांसाठी एकच मोठं दार, मागे एक लहान. कुणीही यावं, बसावं, आपलं नाव पुकारलं की उठावं.

धुरंधरसाहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "म्हणूनच भांडणं होतील."

झालीच. प्रत्येक खात्याला आपलं दार वेगळं हवं होतं, आपला जिना वेगळा, आपली रांग वेगळी. एका खात्याच्या साहेबांनी विचारलं, "पाण्याची सोय एकच?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्यांचं नाव आणि खातं दोन्ही मी इथे सांगत नाही. दोन-तीन बैठका अशाच गेल्या. शेवटी धुरंधरसाहेब मला म्हणाले, "दौलतराव, कागदावर या लोकांना भिंत दिसत नाही. जमिनीवर दाखवू. खरोखरीच्या मापाने आखून टाका. आतून चालून बघतील तर कळेल."

डिसेंबरातल्या एका सकाळी दोन गवंड्यांना घेऊन मी तिथे गेलो. खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या आणि कबड्डीचं मैदान आखतात तशी चुन्याची फक्की टाकत गेलो. दारांच्या जागी रेघ तोडली. दुपारपर्यंत सगळी इमारत जमिनीवर पांढरी उमटली होती. मैदानाच्या तीन बाजूंना चाळी, चौथीकडे रस्ता, पलीकडे गिरणीचं धुराडं. गॅलऱ्यांतून बाया वाकून बघत होत्या. वरून त्यांना माझा नकाशा माझ्यापेक्षा चांगला दिसत असणार.

समोरच्या चाळीत तळमजल्याला गंगुबाईंची खानावळ होती. कुडाळकडच्या, साठीच्या, आवाज असा की गिरणीच्या भोंग्याला भारी पडेल. रोज दुपारी डोक्यावर डब्यांची पाटी घेऊन त्या मैदानातून तिरक्या गिरणीच्या फाटकाकडे जायच्या. त्यांच्या पायांनी तिथे वाटच पडली होती.

दुसऱ्या दिवशी मी मापं तपासायला गेलो तेव्हा त्या वळसा घालून चालल्या होत्या. रेघेच्या कडेकडेने मैदानाच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि पलीकडे निघाल्या. परत येतानाही तसंच. मला वाटलं, नकाशाचा मान ठेवतायत. हसून म्हटलं, "गंगुबाई, नेहमीच्या वाटेने जा की. फक्कीच आहे, पुसली तर परत टाकू."

त्या थांबल्या. "भिंतीतसून कशी जातलंय रे?" असं सहज बोलून गेल्या. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी चुकल्यासारखं झालं. पाटी सावरत म्हणाल्या, "तसा न्हय. चुनो पायाक लागता."

पायात त्यांच्या वहाणा होत्या.

मग मी बघायला लागलो. सगळेच वळसा घालत होते. पाळी सुटून येणारे कामगार, पाण्याच्या कळशा नेणाऱ्या बाया, मुलं, भय्याची म्हैससुद्धा. ज्यांना मधून जायचंच असेल ते मोठ्या दाराच्या जागेतून आत शिरायचे आणि मागच्या दाराच्या जागेतून बाहेर पडायचे. रेघ ओलांडताना मी कुणालाही पाहिलं नाही. कुणाला विचारलं तर हसायचे, खांदे उडवायचे. सवय झाली, म्हणायचे. एवढ्यात कशी सवय झाली, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

एका दुपारी मी स्वतः मोठ्या दाराने आत गेलो आणि हॉलच्या मध्यावर जाऊन जमिनीवर बसलो. डिसेंबर असला तरी ऊन मुंबईचंच होतं. पाठीवर ऊन तापत होतं, माझी सावली माझ्यासमोर जमिनीवर पडली होती. पण जमीन गार होती. सकाळी पाणी मारून ठेवलेल्या लादीसारखी. ओल्या गिलाव्याचा वास येत होता. आसपास कुठे बांधकाम आहे का म्हणून मी उठून पाहिलं. नव्हतं. मी खाकरलो तर खाकरण्याचा आवाज जरा उशिरा, वरून, माझ्याकडे परत आला.

मी ऑफिसात कुणाला काही बोललो नाही. चाळींच्या मधल्या जागेत आवाज घुमतोच, असं स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात धुरंधरसाहेब मोजमाप बघायला आले. फिरत फिरत हॉलमध्ये आले आणि थबकले. मग जुन्या आर्किटेक्टांची सवय असते तशी त्यांनी एक टाळी वाजवली. मान वर करून ऐकलं. पुन्हा एकदा वाजवली. थोड्या वेळाने त्यांनी डोक्यावरची हॅट काढली आणि काखेत धरली.

"छताची उंची किती धरली होतीत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. एवढंच. मग रेघेच्या कडेने चालत बाहेर पडले आणि गाडीत बसेपर्यंत हॅट घातली नाही.

खात्यांचे साहेब आले तो दिवस मला अजून दिसतो. सगळे तावातावाने बोलत आले आणि मोठ्या दारातून आत शिरताच, कुणी न सांगता, हळू आवाजात बोलायला लागले. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. पाण्याबद्दल विचारणारे साहेब मात्र आपला मुद्दा सोडायला तयार नव्हते. "आमचं दार इथून हवं," म्हणत ते तरातरा रेघेकडे गेले आणि ओलांडायला पाय उचलला. जमीन सपाट होती, तरी ते ठेच लागल्यासारखे पुढे झुकले. तोल सावरायला त्यांनी हात पुढे केला. हात हवेत टेकला. क्षणभर ते तसेच, तिरपे, एका तळव्यावर भार टाकून उभे होते. मग मागे सरले आणि खिशातून रुमाल काढून तळवा पुसायला लागले. तळव्याला चुना लागला होता. ओला.

"इथली जमीन बरोबर नाही," ते म्हणाले.

बैठकीत हॉल उडाला. मधली जागा वाटून घ्यायची, प्रत्येक खात्याला आपलं दार द्यायचं, असं ठरलं. धुरंधरसाहेबांनी एक-दोनदा तोंड उघडलं, पण ते भांडणारे नव्हते. बाहेर आल्यावर म्हणाले, "नवा नकाशा काढायला घ्या, दौलतराव." माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी गवंड्यांना पाठवून फक्की झाडून काढली, खुंट्या उपटल्या. जानेवारी उजाडला. मैदान पुन्हा नुसतं मैदान झालं. लोक तरीही वळसा घालत होते. मी कमलला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मीपण घालते." कमल म्हणजे माझी बायको. लालबागच्या शाळेत शिकवायची, घरी येताना तिचा रस्ता त्या मैदानावरूनच. पहिलं बाळंतपण जवळ येत होतं आणि थोडं चाललं तरी तिला धाप लागायची. मी म्हटलं, "तू तरी मधून जात जा. तेवढंच चालणं वाचेल."

"मधून म्हणजे दारातूनच ना?" तिने विचारलं, आणि पोळ्या लाटायला वळली.

त्या महिन्यात मुंबईचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे रेडिओवर ऐकलं आणि गिरणगाव पेटलं. रोज मोर्चे, रोज दगड, रोज अश्रुधूर. दुकानं बंद. ट्रामचे रूळ रिकामे. रोज कुठून तरी माणूस गेल्याची बातमी यायची. मी कमलला घरी राहा म्हणालो होतो. ती म्हणाली, मुलं येतात शाळेत, मग मी कशी नको जाऊ?

आम्ही ऑफिसात नव्या नकाशावर वाकलो होतो तेव्हा खालून कुणीतरी ओरडत वर आलं. लालबागला गोळीबार चाललाय. भर दुपार होती.

मी हातातली टी-स्क्वेअरची पट्टी तशीच टाकून उठलो. धुरंधरसाहेब त्यांच्या खोलीतून बाहेर आले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. "बाई शाळेत आहेत?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी खुंटीवरची गाडीची चावी घेतली.

"साहेब, तुम्ही नका येऊ. तिकडे..."

"चला," ते म्हणाले.

भायखळ्यापर्यंत गाडी गेली. पुढे रस्त्यावर दगड, फुटलेल्या बाटल्या आणि आडवी पाडलेली हातगाडी. तिथून आम्ही चालत निघालो. मी जवळजवळ पळतच होतो आणि ते आपल्या पांढऱ्या कोटात माझ्यामागे धापा टाकत येत होते. शाळा बंद होती. फाटकाला कुलूप. शेजारच्या घराच्या खिडकीतून एक बाई म्हणाली, "मघाशीच सोडली शाळा. बाई मैदानाकडून गेल्या. पोटुशा बाई ना? तिकडूनच गर्दी पळत आली होती हो."

मैदानाच्या तोंडाशी रस्त्यावर वहाणा पडल्या होत्या. डाव्या, उजव्या, बायकांच्या, पुरुषांच्या. एक टिफिनचा डबा उपडा पडला होता आणि भात सांडला होता. मी त्या वहाणांत कमलच्या वहाणा शोधत होतो आणि सापडू नयेत म्हणून डोळे पुढे पळवत होतो.

मैदानाच्या कडेला पोलीस उभे होते. त्यांचा जमादार साताऱ्याकडचा असावा, बोलण्यावरून. घामाने भिजलेला, डोळे लाल, हातातली काठी जमिनीला टेकलेली. त्याने आम्हाला अडवलं.

"कुठं निघालाय?"

"माझी बायको. इकडून आली असेल. दिवस गेलेत तिला."

"मग आत असंल," तो म्हणाला. "समदी आत शिरली."

"आत कुठे?"

"ह्या बिल्डिंगीत की."

मी वळून पाहिलं. मैदान रिकामं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही माणूस नव्हता. जमिनीवर फक्कीचा मागसुद्धा उरला नव्हता.

"आम्ही दार ठोकलं," जमादार सांगत होता. "लई ठोकलं. आतनं कडी घातलीय. आमचे साहेब म्हणाले, फोडा. पण पोरांचे हात चालंनात." त्याच्या मागे उभ्या असलेल्या शिपायांनी माना खाली घातल्या होत्या. कुणी त्या बाजूला बघत नव्हतं.

धुरंधरसाहेब पुढे झाले. कोटावर धूळ, कपाळावर घाम. त्यांनी फार हळू विचारलं, "कशी आहे हो इमारत?"

जमादाराला प्रश्नाचं नवल वाटलं नाही. "उंच हाय. खिडक्या पार वर. जवळ गेलं की गार लागतं." थोडा थांबून म्हणाला, "आतनं काही आवाज न्हाई. इतकी माणसं, आवाज नको का?"

साहेबांचा हात माझ्या खांद्यावर आला.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत पुन्हा नळकांडी फुटली आणि अश्रुधूर मैदानावर सरकत आला. जमिनीलगत, दाट, पिवळट. मी नाकाला रुमाल लावला आणि बघत राहिलो.

धूर मैदानाच्या मध्याकडे आला आणि अडला.

मग दोन्ही बाजूंना फाकला. काटकोनात वळला. कडेकडेने सरकत मागे गेला आणि तिकडे पुन्हा एक झाला.

मधल्या जागेत धुराचा कणही नव्हता. मधल्या जागेची लांबी-रुंदी मला पाठ होती.

कुठून तरी शिटी वाजली. जमादाराने शिपायांना खूण केली. ते निघाले, आणि निघताना, रिकाम्या मैदानात, त्यांनीही वळसा घातला.

आम्ही दोघेच उरलो.

मी मोठ्या दाराच्या जागेपाशी गेलो. "कमल," मी हाक मारली. माझा आवाज चाळींवर आपटून परत आला. समोरच्या गॅलऱ्या बंद होत्या.

"कमल!"

काही नाही.

काय करावं मला कळेना. शेवटी कुणाच्याही बंद दाराशी माणूस जे करतो ते मी केलं. हात उचलला आणि ठोठावलं.

हाताला काही लागलं नाही.

आवाज मात्र आला. जाड सागवानी फळीवर बोटं वाजल्याचा.

आणि आतून कुणीतरी कडी काढली.

मैदान रिकामं होतं. मग मैदानात माणसं होती. त्या दोन्हींच्या मध्ये काय झालं ते मी तेव्हाही सांगू शकलो नाही, आजही सांगता येत नाही. एकामागून एक, घाई न करता, देवळातून निघावेत तसे ते माझ्या बाजूने बाहेर पडत होते. कामगार, मुलं, एक म्हातारा काठी टेकत, अनवाणी बाया. गंगुबाई डोक्यावर रिकामी पाटी घेऊन. त्यांच्या मागे, त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून, कमल.

तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही कशाला आलात एवढ्या गडबडीत?"

मी तिला रस्त्यावर, सगळ्यांसमोर, धुरंधरसाहेबांसमोर, छातीशी धरलं. आमच्यात असं कुणी करत नाही. तिचे हात गार होते. माठाजवळ बसून आल्यासारखे.

"सगळी असत," गंगुबाई म्हणाल्या. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, कुणाच्या गालाला हात लावत होत्या. "कोणाक खरचटाक सुदा नाय. चला, चला माज्याकडे. च्या टाकतंय."

त्यांच्या खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. चहा उकळत होता, आल्याचा वास सुटला होता. आणि एकाएकी सगळे बोलायला लागले, हसायला लागले. कुणी मधेच रडत होतं आणि रडता रडता बशीतून चहा ओढत होतं. वहाणांच्या जोड्या लावायचा खेळच सुरू झाला. कुणाची डावी कुणाच्या पायात. एक गिरणीवाला म्हणाला, "च्यायला, माझा भात सांडला पण मी नाय सांडलो," आणि सगळे इतके हसले की त्यात हसण्यासारखं काय होतं ते आता मला सांगता येणार नाही. धुरंधरसाहेब लाकडी बाकावर अंग चोरून बसले होते. गंगुबाईंनी त्यांच्या हातात काचेचा पेला दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, सगळा चहा संपवला आणि आणखी मागितला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अश्रुधुराचं असेल.

मी कमलला हळूच विचारलं, "आत काय होतं?"

ती जरा गोंधळली. माहीत असलेली गोष्ट मी का विचारतोय असं तिला वाटलं असावं. "हॉल," ती म्हणाली. "तुम्ही काढलेला. बाकं होती. नळाला पाणी होतं, सगळ्यांनी प्यायलं. बाहेरचे बार लांब कुठेतरी वाजल्यासारखे ऐकू यायचे."

"आणि?"

"आणि काही नाही. बसलो होतो." तिने पोटावर हात ठेवला. "हा पण निवांत झोपला होता. आता बघा कसा लाथा मारतोय."

तो 'हा' मार्चअखेरीस मुलगी होऊन आला. बाळ-बाळंतीण सुखरूप. आईने चाळभर पेढे वाटले.

त्यानंतरच्या बैठकीत धुरंधरसाहेब भांडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. हॉल राहील, दार एकच राहील, नळ एकच राहील, नाहीतर दुसरा आर्किटेक्ट बघा, असं ते उभं राहून म्हणाले. पाण्याबद्दल विचारणारे साहेब हात टेबलाखाली धरून बसले होते. त्यांनी विरोध केला नाही. हॉल मंजूर झाला. मग धुरंधरसाहेब म्हणाले, "फक्त जमीन दुसरी द्यावी लागेल. लालबागच्या त्या जमिनीवर बांधता येणार नाही."

"का?"

"जागा रिकामी नाही," ते म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, झोपड्यांचं किंवा कोर्टाचं काही लफडं असेल. दादरच्या अंगाला दुसरी जमीन मिळाली. आम्ही दोघे त्या दुपारबद्दल कधीही बोललो नाही, पण त्यांनी मला नंतर 'दौलतराव' म्हणणं सोडून 'दौलत' म्हणायला सुरुवात केली, आणि मला ते बरं वाटलं.

इमारत उभी राहिली. खरीखुरी, विटांची. ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली, दुसरी निवडणूक झाली, सभा झाल्या, तुरुंग भरले, आणि या सगळ्यात दादरची ती इमारत गवंड्यांच्या वेगाने वर येत गेली. उघडली त्या दिवशी आई हॉलमध्ये जाऊन बसली. तिचं कुठल्याच खिडकीवर काम नव्हतं. शिपायाने विचारलं, "आजी, कुणाकडे आलात?" ती म्हणाली, "बसायला आले." मग उठून नळावर पाणी प्यायली, ओंजळीने नाही, पेल्याने, आणि पुन्हा येऊन बसली. मी दारात उभा राहून पाहत होतो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम, हे मला तिथेच कळलं.

लालबागचं मैदान तसंच पडून राहिलं. कुणी त्याच्यावर काही बांधलं नाही, का ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

साठ सालचा एक मे उजाडला. महाराष्ट्र झाला. लालबाग-परळला त्या संध्याकाळी जी रोषणाई होती तशी मी कुठल्या दिवाळीला पाहिलेली नाही. चाळीचाळीतून कंदील, ढोल, लेझमा, गुलाल. अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. मी, कमल आणि लेक, तिघं मिरवणूक बघून घरी निघालो होतो. लेकीच्या हातात नवी पिपाणी होती आणि ती सारखी वाजवत होती. पुं पुं करत, गाल फुगवत, आमच्या पुढे उड्या मारत चालली होती. तिला कुणी अडवत नव्हतं. त्या दिवशी कुणी कुणालाच अडवत नव्हतं.

मैदानाशी आलो. कमलने सवयीने वळसा घातला, मीही घातला. पुरता अंधार पडायचा होता अजून. मैदान मोकळं होतं, कडेच्या चाळींवरचे दिवे त्याच्या मातीवर पडले होते. लेकीने पिपाणी तोंडाला लावली.

कमल वाकली, आणि तिने पिपाणी लेकीच्या ओठांवरून हळूच काढून घेतली.

"इथे नको, सोन्या," ती कुजबुजली. "आत अजून माणसं बसलीत."

मी कमलकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. एवढ्या वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

लेकीने मैदानाकडे पाहिलं. कोण, असं तिने विचारलं नाही. मान डोलावली, आणि कोपरा वळेपर्यंत चवड्यांवर चालत राहिली.